थकबाकीच्या नोटिशीतून उभा राहिलेला संपादक : पॅडर ओडॉनेल

कोरडवाहू

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्याची सुरुवात बहुधा न. चिं. केळकरांच्या ‘आयर्लंडचा इतिहास’ या जुन्या ग्रंथापासून होते आणि मायकेल कॉलिन्स व इमन डी व्हॅलेरा या दोन नावांपाशी ती वाट संपते. ज्या माणसासाठी हा धागा काढतो आहे तो कॉलिन्सपेक्षा अवघ्या दोन-अडीच वर्षांनी लहान होता. तो त्याच लढ्यात लढला, पुढच्या यादवीत हरलेल्या बाजूला राहिला, तुरुंगात गेला, तुरुंगातून निसटला आणि त्यानंतरची साठ वर्षे वर्तमानपत्र, मासिक, कादंबऱ्या आणि आठवणी लिहीत जगला. त्याचे नाव पॅडर ओडॉनेल. बंदूक खाली ठेवून लेखणी उचलली, असे त्याच्यासारख्यांबद्दल लिहायची पद्धत आहे. परंतु त्याचे लेखन वाचत गेल्यावर माझे मत असे झाले की त्याच्या आयुष्याचा सांधा बंदूक आणि लेखणी यांच्यामध्ये नाहीच. तो सांधा एका सरकारी कागदात आहे, आणि तो कागद म्हणजे शेतकऱ्याच्या दारात आलेली थकबाकीची नोटीस.

ओडॉनेलचा जन्म २२ फेब्रुवारी १८९३ रोजी डोनेगॉल काउंटीत, डन्लो गावाजवळच्या मीनमोर या वस्तीत झाला. आयर्लंडच्या वायव्य टोकाचा हा ‘रॉसेस’ नावाचा भाग म्हणजे खडक, दलदल, समुद्र आणि या तिन्हींच्या मधून वाचलेले जमिनीचे तुकडे. एवढ्या तुकड्यावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे, म्हणून माणसे टोळ्या करून बटाटे काढायला स्कॉटलंडला जात आणि तिथून आणलेल्या पैशांत दुकानदाराची उधारी व जमिनीचा हप्ता भागवत. ओडॉनेल शिकून प्राथमिक शिक्षक झाला आणि समोरच्या अरनमोर बेटावर शिकवू लागला. वर्गातली मोठी मुले शाळा सोडून त्याच बोटीत चढताना तो पाहत होता. पुढे तो स्वतः स्कॉटलंडला जाऊन या मजुरांचे हाल पाहून आला आणि १९१८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून कामगार संघटनेचा पूर्णवेळ संघटक झाला. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे सगळे राजकारण इथेच ठरून गेलेले होते. रिपब्लिकन सैन्यात, म्हणजे आयरिश प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत (आयआरए), तो शिरला तो या प्रश्नाचे उत्तर शोधत.

१९१९ च्या सुरुवातीला मोनाहन येथील वेड्यांच्या इस्पितळात जे घडले ते तर नाटकात शोभावे असे आहे. तिथल्या परिचारकांना आठवड्याला नव्वदहून अधिक तास काम असे आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेतही आवाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नसे. म्हणजे लग्न झालेल्या माणसाने बायकामुलांचे तोंडही परवानगीने पाहायचे. ओडॉनेलच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांनी इस्पितळ ताब्यात घेतले, छपरावर लाल निशाण लावले आणि आतला कारभार स्वतः चालवला. बाहेर सशस्त्र पोलीस, आत रुग्णांची नेहमीची देखभाल चालू, आणि ओडॉनेल ‘गव्हर्नर’. अखेरीस आठवड्याचे तास छप्पन्नावर आले आणि पाळी संपली की घरी जायचा हक्क मिळाला. लिमरिक शहरातले गाजलेले ‘सोव्हिएत’, म्हणजे कामगारांनी कारभार हाती घेतलेला संप, याच्यानंतर काही महिन्यांनी आले.

इंग्रजांविरुद्धच्या गनिमी युद्धात तो डोनेगॉलमध्ये तुकडी घेऊन लढला आणि १९२१ मध्ये जखमी झाला. त्याच वर्षाअखेर ब्रिटनशी झालेल्या तहाने पूर्ण प्रजासत्ताकाऐवजी ब्रिटिश राजमुकुटाखालचे ‘फ्री स्टेट’ दिले, आणि त्या तहाला त्याने विरोध केला. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या इमारतीत तहविरोधकांनी ठाण मांडले होते, त्यांच्यात तो होता. नव्या फ्री स्टेट सरकारने तोफा डागल्या, इमारत पडली आणि आतले लोक माउंटजॉय तुरुंगात गेले.

माउंटजॉयमध्ये त्याच्या सोबत लियम मेलोज हा तहविरोधी पुढारी होता. मेलोजने तुरुंगातून बाहेर पाठवायला काही टिपणे लिहिली होती आणि त्यांचा आशय असा की नुसत्या प्रजासत्ताकाच्या शब्दावर भूमिहीन माणूस उभा राहणार नाही, त्याच्यासमोर जमिनीचा कार्यक्रम ठेवावा लागेल. सरकारने ती टिपणे पकडून ‘हे पाहा साम्यवादी’ म्हणून छापली. या विषयावर कोठड्यांच्या ओळीत दोघांचे बोलणे चाले. ७ डिसेंबर १९२२ रोजी तहविरोधकांनी एका खासदाराला डब्लिनच्या रस्त्यात गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलोज, रॉरी ओकॉनर, जो मॅकेल्वी आणि डिक बॅरेट या चौघांना खटला न चालवता तुरुंगाच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. हे चौघे जूनपासून कैदेत होते. आदल्या दिवशीच्या खुनाशी त्यांचा संबंध असणे शक्यच नव्हते. चार प्रांतांतून एकेक माणूस निवडला गेला असे तेव्हापासून बोलले जाते. अल्स्टर प्रांताचा म्हणून मॅकेल्वी गेला. ओडॉनेलही अल्स्टरचाच होता, आणि हा विचार त्या पहाटेनंतर त्याच्या मनात आला नसेल असे मानणे कठीण आहे.

पुढे ऑगस्ट १९२३ च्या निवडणुकीत तो कोठडीतूनच डोनेगॉलमधून निवडून आला. त्या हिवाळ्यात हजारो कैद्यांनी उपोषण केले, त्यात तो ४१ दिवस होता. मार्च १९२४ मध्ये किल्डेअरमधल्या ‘करा’ नावाच्या लष्करी छावणीतून तो सैनिकाचा गणवेश चढवून बाहेर पडला. या सगळ्यावर त्याने १९३२ मध्ये ‘द गेट्स फ्ल्यू ओपन’ हे पुस्तक लिहिले. तुरुंगातल्या आठवणींना आपल्याकडे बहुधा तपश्चर्येचा सूर लागतो, इथे तसा सूर अजिबात नाही. उपोषणाच्या दिवसांत माणसांच्या डोक्यात अन्नाव्यतिरिक्त काय काय चालते, कोण कुरकुरतो आणि कोण विनोद करतो, हे तो स्वतःचीही थट्टा करत सांगतो.

आता तो कागद. १९२६ मध्ये गावाकडे फेरी मारली असता त्याला शेजाऱ्यांच्या घरोघरी जमिनीच्या हप्त्यांच्या थकबाकीच्या नोटिसा दिसल्या. हे हप्ते कसले, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. जुन्या जमीनदारांकडून कुळांना जमीन विकत घेता यावी यासाठी ब्रिटिश सरकारने ओळीने कायदे केले होते आणि त्यांतला सर्वांत मोठा १९०३ चा. सरकारने जमीनदाराला किंमत द्यायची आणि कुळाने ती सव्वातीन टक्के दराच्या वार्षिक हप्त्यांनी साडेअडुसष्ट वर्षे फेडायची, अशी ती व्यवस्था होती. आजोबाने सही करायची आणि शेवटचा हप्ता नातवाने भरायचा. देश स्वतंत्र झाल्यावरही हे हप्ते थांबले नाहीत. डब्लिनचे सरकार ते वसूल करून वर्षाला सुमारे तीस लाख पौंड लंडनला पाठवत राहिले, आणि गंमत अशी की ब्रिटनच्याच छत्राखाली राहिलेल्या उत्तर आयर्लंडच्या सरकारला मात्र तिथले हप्ते स्वतःकडे ठेवता येत होते. लढाईच्या वर्षांत अनेकांचे हप्ते राहिले होते. आता स्वतःच्या सरकारचा बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा माणूस, स्वतःच्या गावात येऊन गोठ्यातली गाय सोडून नेऊ लागला.

ओडॉनेलचा मुद्दा सरळ होता. ही जमीन मुळात जिंकून हिसकावलेली होती, तिची किंमत हिसकावणाऱ्याला देणे म्हणजे कर्जफेड नव्हे, खंडणी आहे. त्याच वर्षी तो ‘अन फोब्लाख्त’ या रिपब्लिकन साप्ताहिकाचा संपादक झाला आणि त्या पत्राचा रोख त्याने हुतात्म्यांच्या पुण्यतिथ्यांवरून बेलिफाकडे वळवला. शेतकऱ्यांनी हप्ता भरू नये, जप्तीच्या गुरांवर लिलावात कोणी बोली लावू नये, असे तो लिहू लागला आणि गावोगाव सांगू लागला. या मोहिमेची हकीकत पुढे १९६३ मध्ये त्याने ‘देअर विल बी अनदर डे’ या छोट्या पुस्तकात सांगितली, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोलाचे लेखन तेच आहे.

लेख लांबला आहे. कादंबऱ्यांविषयी इथे मुद्दाम लिहिले नाही, कारण त्या ज्यांनी मूळ भाषेच्या परिसरात वाचल्या आहेत त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

निशाचर

लेख एका बैठकीत वाचला. दोन शंका आहेत. पहिली ही की मोहीम जर इतकी रास्त होती, तर रिपब्लिकन सैन्याने ती आपली म्हणून का उचलली नाही? दुसरी ही की हप्ते शेवटी डी व्हॅलेराने बंद केले असेच आजवर वाचले आहे. मग ओडॉनेलचे श्रेय नेमके किती?

कोरडवाहू

निशाचर, दोन्ही शंकांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे.

सैन्याच्या वरिष्ठ मंडळात ओडॉनेल स्वतः होता, पण तिथल्या बहुतेकांच्या दृष्टीने जमिनीचा प्रश्न हा ‘नंतर पाहू’ या खात्यातला होता. आधी प्रजासत्ताक, मग पोटाचे बघू. शिवाय ज्या संघटनेचा कणा गुप्त कवायत आणि शस्त्रसाठा हा होता, तिला उघड्यावर सभा घेऊन शेतकऱ्यांना बोलते करण्याची सवय नव्हती. १९२५ च्या अधिवेशनात सैन्याला तहविरोधकांच्या जुन्या ‘सरकारच्या’ नामधारी अधिपत्यातून बाहेर काढणारा ठराव ओडॉनेलनेच मांडून मंजूर करून घेतला होता. त्याची अपेक्षा अशी की मोकळे झालेले सैन्य लोकांच्या चळवळींकडे वळेल. सैन्य मोकळे झाले, आणि आपल्या कवायतींकडेच वळले.

आता डी व्हॅलेरा. त्याने १९२६ मध्ये फियाना फॉइल हा पक्ष काढला आणि एक-दोन वर्षांत हप्त्यांचा प्रश्न हाती घेतला. त्यात सिनेटर कर्नल मॉरिस मूर यांचा वाटा मोठा होता. हप्ते पाठवायला कायदेशीर आधारच नाही, हा वकिली मुद्दा त्यांनी चिकाटीने लावून धरला. ओडॉनेलनेही त्यांना जाणीवपूर्वक साथ दिली. मात्र ओडॉनेल आणि डी व्हॅलेरा यांच्या म्हणण्यात जो फरक होता तो बारीक दिसला तरी घराच्या आढ्याएवढा आहे. ओडॉनेल म्हणत होता की हप्ता शेतकऱ्याने कुणालाच देऊ नये. डी व्हॅलेरा म्हणत होता की हप्ता लंडनला जाऊ नये. १९३२ मध्ये सत्ता मिळताच त्याने रक्कम पाठवणे थांबवले, ब्रिटनने उत्तरादाखल आयरिश गुरांवर आणि इतर शेतमालावर जबर आयातशुल्क बसवले आणि सहा वर्षे चाललेले ‘आर्थिक युद्ध’ सुरू झाले. गुरांचे भाव इतके कोसळले की सरकारने वासरे मारण्यासाठी अनुदान दिले. शेतकऱ्याचा हप्ता १९३३ च्या कायद्याने निम्मा झाला खरा, पण उरलेला निम्मा डब्लिनच्या तिजोरीसाठी वसूल होतच राहिला. १९३८ मध्ये एक कोटी पौंड एकरकमी देऊन ब्रिटनशी तडजोड झाली.

म्हणून माझा हिशेब असा : प्रश्न ओडॉनेलने उकरला, मते डी व्हॅलेराने कापून नेली, आणि बेलिफ निम्म्या ओझ्यानिशी का होईना, येतच राहिला.

जुनी पावती

मी पीककर्ज वसुलीच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे नोटिशीपाशी थबकलो. बाहेरच्याला वाटते की गुरे नेली म्हणजे वसुली झाली. प्रत्यक्षात आडगावातल्या लिलावात गाईची जी बोली लागते ती थकबाकीच्या जवळपासही जात नाही, आणि शेजाऱ्याची गाय घ्यायला गावातला माणूस पुढे येत नाही. आला तर त्याला त्या गावात पुढे राहायचे असते. म्हणून जप्तीचे खरे काम वसुलीचे नसून धाकाचे असते. एका दावणीवरची गाय सुटली की पुढच्या दहा घरांतून पैसे निघतात, मग ते सावकाराचे का असेनात. ओडॉनेलने बोली लावू नका असे सांगितले, याचा अर्थ त्याला या यंत्राचा नेमका कोणता दात काढायचा ते कळले होते. हे शहरातल्या पुढाऱ्याला सहसा सुचत नाही.

सावध वाचक

लेखाबद्दल आभार, पण मला एक खडा टाकणे भाग आहे. आपण सगळे ओडॉनेलच्या शेतकरीप्रेमात इतके रमलो आहोत की तो १९३४ पर्यंत एका सशस्त्र गुप्त संघटनेच्या नेतृत्वात होता हे बाजूला पडते आहे. १० जुलै १९२७ रोजी न्यायखात्याचा मंत्री केव्हिन ओहिगिन्स रविवारच्या प्रार्थनेला चालत जात असताना त्याच संघटनेच्या तिघांनी त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा ‘अन फोब्लाख्त’चा संपादक कोण होता? तसेच सोव्हिएत रशियाविषयी त्याने जे कौतुकाने लिहिले त्याचे काय? तिथल्या शेतकऱ्यांवर तीसच्या दशकात काय गुदरले हे आज आपल्याला ठाऊक आहे. डोनेगॉलच्या एका गाईसाठी पेटून उठणाऱ्या माणसाला युक्रेनमधले रिकामे गोठे दिसले नसतील, तर तेही नोंदवायला हवे.

कोरडवाहू

आपला खडा योग्य जागी पडला आहे, तो मी काढून टाकणार नाही.

ओहिगिन्सबाबत एवढेच सांगतो की मारेकरी संघटनेचे होते, परंतु त्यांनी ते वरच्या आदेशावाचून, आपल्या मनाने केले होते. त्या हत्येमागे माउंटजॉयची ती पहाट होती. चौघांना गोळ्या घालण्याच्या निर्णयात ओहिगिन्स मंत्री म्हणून सहभागी होता, आणि त्या चौघांतला रॉरी ओकॉनर एकच वर्ष आधी त्याच्या लग्नात त्याचा पाठराखा होता. यादवी म्हणजे काय, हे या एका तपशिलातून जितके कळते तितके मला ग्रंथांतून कळले नाही. पण कारण समजणे म्हणजे समर्थन नव्हे, आणि अशा संघटनेच्या मुखपत्राची खुर्ची ज्याने स्वीकारली त्याला तिच्या कृत्यांचा काही भार उचलावाच लागतो.

रशियाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. तो कोणत्याही पक्षशिस्तीत मावणारा माणूस नव्हता, तरी त्या बाजूचे दोष पाहायला त्याचे डोळे धजत नव्हते. धार्मिक सत्तेबाबत मात्र तो अधिक खोलात गेला आहे. १९३६ च्या जुलैमध्ये तो पत्नीसह स्पेनच्या कॅटलोनियात होता आणि तिथेच यादवी पेटली. जळणारी चर्चे त्याने पाहिली. आयर्लंडमध्ये तेव्हा पाद्री, बरीच वृत्तपत्रे आणि सभा प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने बोलत होत्या. १९३७ मध्ये त्याने ‘सलूद’ हे पुस्तक लिहिले, ते कॅथलिक घरात वाढलेल्या आयरिश वाचकाला चर्चे जाळणारा हा राग कुठून आला असेल ते समजावून सांगण्यासाठी. त्याचे सारे म्हणणे पटले नाही तरी घरच्या जमावाच्या विरुद्ध तोंड करून लिहिणे सोपे नव्हते.

डब्लिनकर

कादंबऱ्यांविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी इथे अकरा वर्षे आहे. ओडॉनेल वाचायला घेतला तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. पुस्तक इंग्रजीत आहे, पण वाक्ये इंग्रजी चालीने चालत नाहीत. त्या किनाऱ्यावर आयरिश भाषा बोलणारी आणि इंग्रजी बोलणारी माणसे शेजारी राहतात आणि पात्रांच्या तोंडच्या इंग्रजीत क्रियापद भलत्याच ठिकाणी येते. मालवणी घरातला माणूस शाळेतले मराठी बोलू लागला की जे होते तसेच काहीसे. ते एकदा कानात बसले की पात्रे डोळ्यांपुढे उभी राहतात.

‘आयलंडर्स’ १९२८ ची. बेटावरची एक विधवा आई, घर भरून मुले आणि संपत चाललेले बटाटे, एवढाच ऐवज. आई मुलांना वाढते आणि आपले झाले आहे असे सांगते. मुलांनाही ते खोटे आहे हे कळते आणि तीही ते बोलून दाखवत नाहीत. भुकेबद्दल इतक्या हलक्या आवाजात लिहिलेले मी फार वाचलेले नाही. पुढच्याच वर्षी आलेली ‘ॲड्रिगूल’ मात्र वाचवत नाही. तिच्यामागे १९२७ मध्ये वेस्ट कॉर्कमध्ये खरोखर घडलेली घटना आहे : स्वतंत्र आयर्लंडमध्ये, १८४० च्या दशकातल्या महादुष्काळाला ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, एका शेतकरी कुटुंबातली माणसे घरातच उपासमारीने मेली. ओडॉनेलने ती कथा आपल्या डोनेगॉलमध्ये आणली, कारण तिथली कुठलीही वस्ती त्या जागी बसली असती.

माझी एक तक्रारही आहे. जिथे तो बाया, बोटी, वादळ आणि चूल लिहितो तिथे तो मोठा लेखक आहे. जिथे एखादे पात्र सभेसाठी उभे राहते तिथे मात्र पानावर संपादक येऊन बसतो. ‘द नाइफ’ या कादंबरीत हे फार जाणवते. लेखणी हे आपल्याला एक हत्यारच आहे, असे तो स्वतःच म्हणत असे. पण ‘आयलंडर्स’ लिहिताना ते हत्यार त्याने बहुधा दाराबाहेर ठेवले असावे.

निशाचर

ताई, ‘द बेल’ मासिकाबद्दलही लिहा ना. शॉन ओ फेलॉन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले ऐकले आहे, ओडॉनेलचे नाही.

डब्लिनकर

बरोबर ऐकले आहे, पण अर्धे. ‘द बेल’ ऑक्टोबर १९४० मध्ये सुरू झाले तेव्हा संपादक ओ फेलॉन होते आणि ओडॉनेल व्यवस्थेची बाजू सांभाळत होता. १९४६ मध्ये त्याने संपादकपद घेतले आणि मधली काही काळाची खंडित वर्षे धरून १९५४ मध्ये मासिक बंद पडेपर्यंत ते चालवले. युद्धकाळात आयर्लंड तटस्थ होते, दारे-खिडक्या लावून बसलेले होते आणि पुस्तकांवर बंदी घालणारे मंडळ जोरात होते. अशा वेळी या मासिकाने तुरुंगातल्या माणसाला, कारखान्यातल्या मुलीला, गावच्या दुकानदाराला स्वतःबद्दल लिहायला लावले. ब्रेंडन बीहनचे बालसुधारगृहाच्या आठवणींचे पहिले लेखन १९४२ मध्ये इथेच छापून आले आणि ते छापले गेले तेव्हा बीहन रिपब्लिकन कैदी म्हणून तुरुंगात होता. एका जुन्या कैद्याने चालवलेल्या मासिकात एका नव्या कैद्याचे पहिले पाऊल पडावे, हे मला फार आवडते.

सावध वाचक

कोरडवाहू, १९३४ मध्ये त्याने रिपब्लिकन सैन्य सोडले असे मी वर सहज लिहून गेलो. ते कसे घडले?

कोरडवाहू

थोडक्यात सांगतो, कारण ही हकीकत फाटाफुटीची आहे आणि फाटाफुटी सगळीकडे सारख्याच कंटाळवाण्या असतात. १९३१ मध्ये ‘सेर एरे’ नावाची डावी संघटना काढून पाहिली, तिच्यावर सरकारने बंदी घातली आणि बिशपांनी निषेधपत्र वाचून दाखवले. १९३४ च्या वसंतात ओडॉनेल, फ्रँक रायन आणि जॉर्ज गिलमोर सैन्यातून बाहेर पडले आणि त्यांनी ‘रिपब्लिकन काँग्रेस’ उभी केली. त्या जूनमध्ये बोडन्स्टाउन येथील रिपब्लिकनांच्या वार्षिक मेळ्याला बेलफास्टच्या शँकिल रोडवरचे प्रोटेस्टंट कामगार आपले फलक घेऊन आले. ही गोष्ट अघटित होती, कारण ती वस्ती म्हणजे रिपब्लिकनांच्या कट्टर विरोधकांचा बालेकिल्ला. त्या कामगारांच्या हातांतले फलक हिसकावले कोणी, तर रिपब्लिकन सैन्याच्याच माणसांनी, फलक अनधिकृत आहेत म्हणून. सप्टेंबरमध्ये रॅथमाइन्सच्या सभागृहात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि कामगारांचे प्रजासत्ताक ही घोषणा आत्ताच द्यायची की आधी सर्वांची आघाडी उभारायची, यावर ९९ विरुद्ध ८४ मतांनी दोन तुकडे झाले. ओडॉनेलची बाजू जिंकली आणि संघटना संपली.

जुनी पावती

स्कॉटलंडच्या बटाटेवाल्यांचे पुढे काय झाले?

कोरडवाहू

जाणे थांबले नाही. ९ नोव्हेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडहून हंगाम संपवून आलेल्या मजुरांना अरनमोरला नेणारी होडी काळोखात खडकावर आदळली. वीस जणांपैकी एक वाचला. ज्या बेटावर ओडॉनेलने शाळा घेतली होती तेच हे बेट. १६ सप्टेंबर १९३७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या झोपण्याच्या कोठाराला आग लागली आणि अचिल बेटावरची दहा तरुण मुले आत जळून मेली. दार बाहेरून लावलेले होते.

हा विषय त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. १९४८ मध्ये सरकारने नेमलेल्या स्थलांतरविषयक आयोगात तो सदस्य होता आणि साठच्या दशकात, सत्तरीकडे झुकलेला असताना, पश्चिम किनाऱ्यावरची ओस पडणारी गावे वाचवण्याच्या मोहिमेत तो सभा घेत हिंडत होता. त्याच्याविषयी एक किस्सा आयर्लंडमध्ये सांगतात. म्हातारपणी डी व्हॅलेराशी बोलताना तो म्हणाला की तुमच्या कारकिर्दीत दहा लाख माणसे देश सोडून गेली. डी व्हॅलेरा म्हणाला, तुमच्या हाती सत्ता असती तरी दहा लाख गेलीच असती. त्यावर ओडॉनेलचे उत्तर असे, की गेली असती, पण ती हीच दहा लाख नसती.

१३ मे १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी तो वारला. आपल्या अंत्यविधीला पाद्री नकोत, राजकारणी नकोत आणि थाटमाट नको, असे तो सांगून गेला होता.

निशाचर

वाचायला सुरुवात कुठून करावी?

डब्लिनकर

‘आयलंडर्स’पासून करा, लहान आहे. मग तुरुंगाच्या आठवणी. हप्त्यांचे पुस्तक मात्र कोरडवाहूंनी तुमच्या पहिल्या दोन शंकांना दिलेला वरचा प्रतिसाद शेजारी ठेवून वाचा, नाहीतर माझ्यासारखे पहिल्या वाचनात हप्ता कोण कोणाला देतो आहे हेच कळणार नाही.